घरचा पडदा आणि घरच्या लाह्या

शनिवारची रात्र झाली, जेवणखाण आटोपले, की हल्ली कित्येक घरांतून एक नवाच बेत होऊ लागला आहे. नवराबायको दिवाणखान्यातले दिवे मंद करतात, टीव्हीवर एखादा चित्रपट लावतात आणि मध्ये मक्याच्या लाह्यांचे, म्हणजे आता ज्यांना सर्रास पॉपकॉर्न म्हणतात त्यांचे, भले मोठे पातेले ठेवतात. हौशी जोडप्यांचे तर नुसत्या मिठावर भागत नाही. मेतकूट, लसणीची चटणी, गूळ-सुंठ असे नाना प्रयोग चाललेले असतात. वडील मंडळींना हा सारा अमेरिकेहून आलेला थाट वाटतो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु लाही काय किंवा हलते चित्र काय, दोहोंचा इतिहास जरा मागे जाऊन पाहिला, तर दोहोंचेही घराशी फार जुने नाते आढळते. त्या इतिहासात डोकावताना आपणा गृहिणींनी एक प्रश्न मनाशी ठेवावा असे मला वाटते. तो असा, की एवढ्या वर्षांत पडद्यासमोर बसले कोण आणि चुलीपुढे उभे राहिले कोण?

प्रथम लाहीकडे वळू. ‘लाही’ हा शब्द संस्कृत ‘लाजा’ ह्या शब्दावरून आला. विवाहात लाजाहोम होतो, तेव्हा वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ साळीच्या लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीला अर्पण करते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे लागतात, गोपाळकाल्यात ज्वारीच्या लाह्या असतात, आणि नागपंचमीला तर लाह्यांवाचून चालतच नाही. त्या दिवशी चिरू नये, तवा चढवू नये, अशी पुष्कळ घरांतून रीत आहे, म्हणून लाह्या आदल्या दिवशीच फोडून ठेवतात. ज्वारी गरम पाण्यातून काढायची, निथळून फडक्यात बांधून रात्रभर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तापलेल्या कढईत मूठमूठ टाकून वरून फडक्याने दाबत फोडायची, ही कृती आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ होती. ती त्यांना कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती.

मक्याची लाही मात्र आपल्याकडे फार उशिरा आली. मका हे धान्य मूळचे मेक्सिकोचे. तेथील लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी ते एका रानगवतापासून लागवडीखाली आणले. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर उत्खनन झाले, तेव्हा सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याचे अवशेष हाती आले, आणि त्या काळचे लोक मक्याच्या लाह्याही खात असत असे त्यांवरून दिसून आले. कोलंबसाच्या सफरीनंतर हे धान्य जगभर पसरले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या देशात आले, असे सामान्यतः मानतात. आपण भाजून खातो ते कणीस आणि लाहीचा मका ह्या मात्र निरनिराळ्या जाती होत. लाहीच्या मक्याचा दाणा लहान व टणक असून त्याची साल घट्ट आणि निश्छिद्र असते.

हा दाणा फुटतो तो त्याच्या पोटातल्या पाण्यामुळे. चांगल्या दाण्यात शेकडा १४ च्या सुमारास पाणी असते. दाणा तापला, की ह्या पाण्याची वाफ होऊ लागते, परंतु सालीमुळे तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. आतले पीठ शिजून मऊ होते, दाब वाढत जातो, आणि उष्णता १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली म्हणजे साल फाटते. कोंडलेली वाफ एकदम सुटते, शिजलेले पीठ फेसासारखे फुलते व क्षणात थंड होऊन तसेच राहते. दाणा फार वाळला, तर वाफ पुरत नाही आणि तो करपतो. आता आपल्या आजीने ज्वारीला दिलेले ते गरम पाणी आणि रात्रभर बांधलेले ते फडके आठवावे. तिने शेकड्याचा हिशेब कधी केला नाही, पण काम तेच केले.

अमेरिकेत ही लाही घरातून रस्त्यावर आली ती एकोणिसाव्या शतकात. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स ह्या गृहस्थाने वाफेवर चालणारे लाह्यांचे यंत्र तयार केले आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडले. हे यंत्र गाड्यावर बसविता येई, त्यामुळे फेरीवाल्यांना जत्रा, सर्कस, खेळाची मैदाने अशा सर्व ठिकाणी लाह्या विकता येऊ लागल्या. त्याच शहरात काकवीच्या पाकात घोळलेल्या लाह्या-शेंगदाण्यांचा एक खाऊ निघाला आणि १८९६ पासून तो ‘क्रॅकर जॅक’ ह्या नावाने खपू लागला. आपल्या चिक्कीचा तो अमेरिकन भाऊच म्हणावा.

परंतु चित्रपटगृहात लाहीला प्रवेश नव्हता! अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांनी मोठमोठे राजवाड्यासारखे चित्रमहाल उभारले होते. तेथे उंची गालिचे, झुंबरे, गणवेषातले द्वारपाल असा सारा इतमाम असे. अशा ठिकाणी लाह्यांचा केर आणि कुरकुर कोणाला रुचणार? त्यातून चित्रपट मूक असल्याने पडद्यावरची अक्षरे वाचता येणारा वर्गच मुख्यतः येई, आणि त्याला शांतता हवी असे. १९२७ साली बोलपट आला. पडदा बोलू लागल्यावर कुरकुरीचे काही वाटेनासे झाले आणि सर्व थरांतले लोक येऊ लागले. पाठोपाठ १९२९ साली मंदीची लाट आली. लोकांचे रोजगार गेले, पण पाच-दहा सेंटला मिळणारी लाह्यांची पिशवी तेवढी अजून परवडण्यासारखी होती. थिएटराबाहेर उभे राहणारे फेरीवाले बघता बघता सावरले, आणि मालक मात्र रिकाम्या खुर्च्या मोजीत बसले.

ह्याच सुमाराची एक हकीकत आपल्या मंडळाच्या भगिनींना आवडेल. कॅन्सस सिटी येथे ज्यूलिया ब्रेडन नावाच्या एक विधवा बाई होत्या. त्यांनी तेथील लिनवुड थिएटरच्या चालकांचे मन वळवून थिएटरच्या आतच, प्रवेशदालनात, लाह्यांचे दुकान मांडण्याची परवानगी मिळविली. १९३१ पर्यंत त्यांची थिएटरांत किंवा थिएटरांलगत अशी चार दुकाने झाली आणि वर्षाची कमाई १४,४०० डॉलरांवर गेली. ऐन मंदीत ही रक्कम केवढी मोठी! पुढे मालकांनी हा धंदा स्वतःच्या हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई पडून गोळ्या-चॉकलेटे दुर्मिळ झाली, तेव्हा लाह्यांचा खप आणखीच वाढला, आणि १९४५ च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या एकंदर लाह्यांपैकी निम्म्याहून अधिक चित्रपटगृहांतच खाल्ल्या जात. गालिच्यांच्या भीतीने जिला बाहेर ठेवले, तिनेच शेवटी थिएटरे तारली.

लाहीचा हा प्रवास चालू असता इकडे आपल्या मुंबईत हलते चित्र येऊन पोहोचले होते. पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पहिला जाहीर खेळ केला, आणि सहा-सात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांच्या माणसाने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात खेळ लावला. तिकीट एक रुपया होते. लवकरच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले, आणि तेथे पडदानशीन स्त्रिया व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी वेगळ्या राखीव जागा ठेवल्याचे जाहिरातीत मुद्दाम छापले होते. म्हणजे चित्रपटाच्या पहिल्या महिन्यातच बायका तो पाहू शकत होत्या, पण आडोशाने आणि घरातल्या कोणाच्या तरी सोबतीने.

मग घरीच चित्रपट पाहता आला तर? युरोपात हा विचार लवकर सुरू झाला. त्या वेळची नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेई, म्हणून फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९१२ साली न भडकणारी फिल्म वापरणारे घरगुती यंत्र काढले. १९२२ च्या अखेरीस तिचेच ‘पाथे बेबी’ हे छोटे यंत्र आले. १९२३ साली कोडॅकची १६ मिलिमीटरची आणि १९३२ साली ८ मिलिमीटरची फिल्म आली. ही सारी श्रीमंतांची हौस होती. आपल्याकडे मात्र एका मध्यमवर्गीय मराठी घरात ह्याही आधी पडदा लागला होता, आणि तो लावणारे जोडपे म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके व त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई.

१९११ साली ईस्टरच्या सुमारास फाळके पत्नीला घेऊन गिरगावातल्या एका चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहायला गेले. तो पाहता पाहता रामकृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्या, हा ध्यास त्यांना लागला. त्यानंतर त्यांनी एक लहानसे यंत्र व काही रिळे मिळविली, आणि रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून ते घरच्या भिंतीवर चित्रे पाडू लागले. रात्र-रात्र चाललेल्या ह्या उद्योगापायी त्यांची दृष्टीही काही काळ गेली होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र वगैरे सामग्री ठरवून एप्रिलमध्ये परत आले.

पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी पहिले चित्र घेतले ते एका कुंडीतल्या वाटाण्याचे. कुंडीसमोर कॅमेरा रोवून महिनाभराहून अधिक काळ त्यांनी त्या रोपाची थोडी थोडी छायाचित्रे घेतली. ती सलग दाखविली, तेव्हा मिनिटभरात दाणा रुजला, अंकुर वर आला आणि त्याचा वेल झाला! ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्राचे नाव. निवडक मंडळींना ते दाखविल्यावर कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. ज्या दाण्याला रुजविण्यासाठी कुंडीत ठेवला, त्यालाही आधी पाणीच लागले, हे लाही फोडणाऱ्या गृहिणीला वेगळे सांगायला नको.

सरस्वतीबाईंनी ह्या उद्योगात काय केले हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्यांनी अंगावरचे दागिने दिले एवढेच आपण बहुधा ऐकलेले असते. परंतु त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके घरी पाडावी लागत, आणि हे काम अंधारात करावयाचे असे. सरस्वतीबाई ते शिकल्या. फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, फिल्म धुणे, कॅमेऱ्यात फिल्म भरणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड परतविणे, ही कामेही त्यांनी उचलली. दादर मेन रोडवरच्या ज्या घरात हे चालले होते, त्याच घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा चूल आणि रात्री काळोखातली फिल्म! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट मानला जातो. त्यात तारामतीचे काम साळुंके ह्या पुरुष नटाने केले, कारण तसे काम करायला कोणी स्त्री मिळेना. पडद्यावर स्त्री नव्हती, पण पडद्यामागच्या फिल्मच्या फुटाफुटावर एका स्त्रीचा हात फिरलेला होता. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ह्या मायलेकी पडद्यावर आल्या आणि तीही अडचण दूर झाली.

ह्यानंतरची हकीकत आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींच्या आठवणीतली आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे चाळीतल्या, वाडीतल्या एखाद्या घरी टीव्ही आला. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, म्हणून त्या घरी सारा शेजार लोटे. मुले पुढे जमिनीवर, पुरुष खुर्च्यांवर, बायका दाराशी. ज्यांच्या घरी टीव्ही, त्या बाईला तर पाहुण्यांचा चहा, कोणाचे पाणी, कोणाचे रडणारे मूल, ह्यांतून सबंध चित्रपट कधी मिळाला असेल तो असो! पुष्कळ गृहिणींनी त्या काळचे चित्रपट कानांनीच पाहिले. गाणे लागले की पदराला हात पुसत दारात यायचे आणि गाणे संपले की पुन्हा आत. १९८० नंतर व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभरात दोन-तीन चित्रपट पाहण्याची टूम निघाली, तेव्हाही रात्रभर खाणेपिणे पुरविणे आलेच. थिएटरात निदान एक सुख होते, की तिकीट काढून खुर्चीवर बसल्यावर ‘जरा पाणी आण’ असे कोणी म्हणू शकत नसे. घरी पडदा आला आणि हे सुख गेले.

इकडे लाहीही घरी परतत होती. अमेरिकेत १९५० नंतर घरोघरी टीव्ही आले, थिएटरे ओस पडू लागली आणि लाह्यांचा खप उतरला. तेव्हा व्यापाऱ्यांनी लाही घरात आणण्याची युक्ती काढली. १९५९ साली आयत्या पत्र्याच्या पसरट भांड्यातले दाणे बाजारात आले. ते भांडे शेगडीवर नुसते हलवायचे. पर्सी स्पेन्सर ह्या संशोधकाने १९४५ मध्ये सूक्ष्मलहरींनी मक्याचे दाणे फोडून पाहिले होते, त्यातून पुढे मायक्रोवेव्ह शेगडी निघाली, आणि १९८० नंतर तीत फोडण्याच्या आयत्या पिशव्या निघाल्या. आपल्याकडे १९९७ साली दिल्लीला पहिले मल्टिप्लेक्स झाले आणि तशी चित्रगृहे गावोगाव पसरल्यावर मध्यंतरातल्या शेंगदाण्यांची आणि वड्याची जागा पॉपकॉर्नने घेतली. तेथला भाव मात्र असा, की चौघांच्या लाह्यांत घरचा आठवड्याचा भाजीपाला यावा. तेव्हा घरी लाह्या फोडण्याकडे जोडपी वळली, ह्यात नवल ते कसले!

ह्या घरच्या लाह्यांची कृती येथे थोडक्यात देते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून तीन-चार दाणे टाकावे, आणि ते फुटले की अर्धी वाटी दाणे घालावे. झाकण किंचित कलते ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर जाते. ती आत राहिली, तर लाह्या चिवट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ लागले की खाली उतरावे. दाणे जुने असतील, तर बरणीत चमचाभर पाणी घालून हलवून ती दोन-तीन दिवस बंद ठेवावी. चवींचे म्हणाल, तर चमचाभर पातळ तूप फिरवून वर मेतकूट व बारीक मीठ भुरभुरावे. सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी कोरडीच वाटून लावावी. हिंग, हळद, कढीपत्ता यांची चिवड्यासारखी फोडणी करून तीत लाह्या परताव्या. गोडा मसाला आणि पिठीसाखर हा जोड ऐकायला विचित्र वाटेल, पण एकदा करून पाहावा. गोड हवे असल्यास गूळ-तुपाचा चिक्कीसारखा पक्का पाक करून त्यात सुंठ व तीळ घालावे आणि लाह्या घोळून ताटात सुट्या कराव्या. ओली वस्तू कोणतीही नको, कारण ओल लागली की लाही बसते. अमेरिकेच्या दाण्याला मेतकूट लावणे हे काही भ्रष्टाचरण नव्हे. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हेही त्याच खंडातून आले, आणि आज आपल्या उपासाच्या फराळात त्यांतले दोन-तीन हमखास असतात.

परंतु चवींहून अधिक महत्त्वाची गोष्ट मला ह्या नव्या बेतात दिसते. हे काम दोघे मिळून करतात. एकाने पातेले हलवावे, दुसऱ्याने मसाला कांडावा, आणि मग दोघांनी एकदमच बसावे. कोणाला उठावे लागले, तर चित्र थांबविता येते. पडदा थांबत नसे त्या काळी उठायचे कोणी, हे ठरलेलेच होते. आता तो थांबतो. तरीही घरातल्या एकीनेच दर वेळी उठायचे असेल, तर थांबणाऱ्या पडद्याचा उपयोग काय?

सरस्वतीबाईंनी साठ-सत्तर माणसांना जेवू घालून रात्री जी फिल्म तयार केली, तिने एका देशाला चित्रपट पाहायला शिकविले. त्यांच्या नातींच्या, पणतींच्या वयाच्या आपल्या लेकी-सुनांना आठवड्यातून एक चित्रपट अथपासून इतिपर्यंत बसून पाहायला मिळावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. तेव्हा येत्या शनिवारी ज्या घरी हा बेत असेल, तेथे लाह्या जरूर फोडाव्या, चवही हवी ती लावावी, आणि पातेले मध्ये ठेवल्यावर सर्वांत आधी घरच्या गृहिणीला बसवावे. नंतरच दिवे मालवावे.